हवा भरलेली स्टेपनी

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. भोसरी एमआयडीसीत त्यांचा छोटा गाळा आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी अशी प्रोग्रामवर धातू कापणारी मशीनं आणि चार माणसं. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या सप्लायरांचं जॉबवर्क करतात. ऑफिस म्हणाल तर मोशीतल्या फ्लॅटचा हॉल आणि त्या हॉलच्या कोपऱ्यातला डेस्कटॉप. टॅलीची बिलं, चलनं, पार्टीकडून आलेली ड्रॉइंगं, व्हीएमसीचे प्रोग्राम, जीएसटीचं काम आणि उरलेल्या वेळात नातवाचे गेम, असं सगळं त्या एका डब्यात.

एका महिन्याच्या १० तारखेला सकाळी त्यांनी हाक मारली म्हणून मी खाली गेलो. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकच इंग्रजी ओळ होती. बूट करण्यासारखं काहीही सापडत नाही, असा तिचा अर्थ. केबल काढून परत बसवली, दुसऱ्या पोर्टला लावून पाहिली, बायॉस उघडला. तिथे डिस्कचं नावच दिसेना. एसएसडी गेली होती. जुनी हार्ड डिस्क जायच्या आधी पुष्कळदा टकटक आवाज करते, फायली उघडायला वेळ लावते, थोडक्यात कण्हते. एसएसडी बहुतेक वेळा रात्री धडधाकट झोपते आणि सकाळी उठत नाही.

काका मात्र शांत होते. ‘‘अरे, बॅकअप आहे की आपल्याकडे,’’ म्हणत त्यांनी कपाटातून पेनड्राइव्ह काढला. आणि खरंच होता. टॅलीचा डेटा आदल्या रात्रीपर्यंतचा, ड्रॉइंगं पार्टीनुसार वेगळ्या फोल्डरात. माणूस शिस्तीचा. तरीही ते मशीन पहिल्यासारखं चालायला अडीच दिवस गेले. नवी डिस्क आणली, फॉरमॅट मारून विंडोज टाकलं, मग प्रिंटरचा ड्रायव्हर. टॅलीचं लायसन्स पुन्हा चालू करायचं तर त्याचा पासवर्ड मागल्या अकाउंटंटला माहीत. व्हीएमसीचे प्रोग्राम बनवणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरची सीडी सापडली, पण ते प्रोग्राम व्हीएमसीच्या कंट्रोलरच्या भाषेत उतरवणारा पोस्ट प्रोसेसर त्या सीडीवर नव्हता. तो कोणीतरी चार वर्षांपूर्वी येऊन बसवून गेला होता. मराठी टायपिंगचे फॉण्ट गायब, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर गायब. ११ तारखेचा जीएसटीआर-१ शेवटी सीएंच्या ऑफिसात बसून भरला.

बॅकअप असूनही इतका वेळ का गेला, हे काकांना समजावताना मला त्यांचाच शब्द सापडला, सेटिंग. सीएनसीवर एका जॉबचा सायकल टाइम चार मिनिटांचा असेल, पण नवा जॉब लागताना सेटिंगला दोन तास जातात. सॉफ्ट जॉ बोअर करा, टूलचे ऑफसेट घ्या, प्रोग्राम सिंगल ब्लॉकवर चालवून बघा. पेनड्राइव्हवर काकांचे सगळे जॉब होते, सेटिंग नव्हती. घरच्या कॉम्प्युटरवरही वर्षानुवर्षं थोडं थोडं करत जमलेली सेटिंगच महाग असते आणि ती कुठल्याही फोल्डरमध्ये ठेवलेली नसते. ती परत हवी असेल तर अख्खी डिस्कच, जशीच्या तशी, दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावी लागते. मूळ डिस्क गेली की ही दुसरी लावायची, बटण दाबायचं आणि काम पुढे चालू. हाच बूट होणारा बॅकअप. आपल्या भाषेत स्टेपनी.

(स्टेपनी हा शब्द गमतीचा आहे. वेल्समधल्या लानेली गावात १९०४ च्या सुमारास एका कंपनीने मोटारींसाठी जादा चाक विकायला काढलं. तिचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. ते नाव आपल्याकडच्या गॅरेजांत अजून रोज घेतलं जातं.)

आता साधा प्रश्न असा की सी ड्राइव्ह उघडून सगळं सिलेक्ट करून दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलं तर काय बिघडतं? मशीन बूट होणार नाही, इतकंच. का होणार नाही, ते एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

बटण दाबल्यावर पहिल्यांदा जागी होते ती मदरबोर्डवरची एक चिप. तिच्यातल्या प्रोग्रामला जुने लोक बायॉस म्हणतात, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मशीनवर त्याचं नाव यूईएफआय. त्याला विंडोज म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तो फक्त जोडलेल्या डिस्कवर एक ठरावीक छोटा कप्पा शोधतो. हा कप्पा साधारण १०० एमबीचा, फॅट-३२ पद्धतीचा असतो आणि विंडोज त्याला ड्राइव्हचं अक्षर देत नाही, त्यामुळे ‘माय कॉम्प्युटर’मध्ये तो दिसतच नाही. त्याचं नाव ईएफआय पार्टिशन. त्यात विंडोजचा बूट मॅनेजर बसलेला असतो आणि त्याच्याजवळ एक छोटी नोंदवही असते, की विंडोज अमुक डिस्कच्या अमुक कप्प्यात आहे. ती वाचून तो सी ड्राइव्हकडे जातो आणि मग ओळखीची निळी खिडकी उजळते. याशिवाय १६ एमबीचा एक राखीव कप्पा आणि शेवटी बहुधा काहीशे एमबीचा दुरुस्तीचा कप्पा असतो. म्हणजे आपण ज्याला सी म्हणतो तो एकाच डिस्कवरच्या तीन-चार कप्प्यांपैकी एक. शिवाय विंडोज चालू असताना रजिस्ट्रीसारख्या फायली त्याने स्वतःच धरून ठेवलेल्या असतात. त्या साध्या कॉपीला हात लावू देत नाहीत.

म्हणून कॉपी चालत नाही, क्लोन लागतो. क्लोनमध्ये कप्प्यांची आखणी, न दिसणारे कप्पे, त्यांचे ओळखक्रमांक, सगळं उतरतं. याचा एक चुलतभाऊ आहे, इमेज. इमेजमध्ये अख्खी डिस्क एका मोठ्या दाबून भरलेल्या फाइलीत बांधून ठेवतात. एका दोन टीबीच्या डिस्कवर जानेवारीची, एप्रिलची, जुलैची अशा बऱ्याच इमेज मावतात, हा तिचा फायदा. पण इमेज स्वतः बूट होत नाही. मशीन बंद पडल्यावर नवी डिस्क आणा, रेस्क्यू पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, इमेज उलगडा, मग काम. क्लोनमध्ये एकाच तारखेची प्रत मिळते, पण ती तयार. ज्याला घरून धंदा चालवायचा आहे त्याने क्लोन घ्यावा, असं माझं मत आहे. फोटो आणि सिनेमेच जपायचे असतील तर ही सगळी यातायात कशाला? साध्या हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी कॉपी ठेवा.

खरेदीला पिंपरी कॅम्पात जा नाहीतर ऑनलाइन घ्या, पण तीन गोष्टी पाहून. पहिली, नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान नको. काकांची मूळ ५१२ जीबीची आणि दुकानदार देत होता ५०० जीबीची, ‘एकच आहे हो’ म्हणत. एकच नाही. बारा जीबीने लहान डिस्कवर बरीच क्लोनची सॉफ्टवेअर सरळ नकार देतात. वापरलेली जागा दोनशे जीबीच असली तरी देतात, कारण कप्प्यांची आखणी मूळ मापाची असते. मग सी आखडून बसवण्याच्या खटपटी करता येतात, पण त्याच्यामागे दुरुस्तीचा कप्पा आडवा येतो. थोडे पैसे जास्त टाकून एक टीबीची घ्यावी. (ती विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल. फसवणूक नाही ती. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.) दुसरी गोष्ट, डिस्कचा प्रकार. डेस्कटॉपमध्ये पसरट अडीच इंची साटा एसएसडी असेल तर तशीच घ्या. लॅपटॉपमध्ये च्युइंगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू असेल तर ती साटा की एनव्हीएमई हे उघडून, फोटो काढून खात्री करा, कारण दिसायला दोन्ही सख्ख्या बहिणी आणि बाहेरून जोडायची केसिंग मात्र वेगवेगळी. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा वेगळ्या कंपनीची घ्या. कारण पुढे येतं.

आणि हो, दोन टीबीचा पेनड्राइव्ह जेवणाच्या थाळीच्या किमतीत दिसला तर घेऊ नका. त्याच्यात खरी जागा पाच-पन्नास जीबीची असते आणि फर्मवेअर खोटं बोलतं. भरताना सगळं भरल्यासारखं दिसतं, वाचायला गेलं की निम्म्या फायली फुटक्या.

डिस्क बाहेरून जोडायला साटा ते यूएसबी केबल किंवा केसिंग लागते. ती मशीनच्या निळ्या जिभेच्या पोर्टला लावा, ते यूएसबी-३. भरलेली जागा १८० जीबी असेल आणि वेग सेकंदाला १०० एमबी मिळाला तर अर्ध्या तासात काम होतं. काळ्या जिभेच्या जुन्या पोर्टला ३०-३५ एमबी मिळतात, म्हणजे दीड तास.

क्लोनसाठी मी क्लोनझिला वापरतो. तैवानमध्ये तयार झालेलं, फुकट, दिसायला पंचवीस वर्षं जुनं. करड्या-निळ्या चौकटी आणि त्यात अक्षरं, माउस नाही. मॅक्रियम रिफ्लेक्ट दिसायला देखणं आहे, पण त्याची फुकटची आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीपासून बंद झाली. क्लोनझिला भीतीदायक वाटलं तर रेस्क्यूझिला आहे, तेच काम माउसने करणारं. क्लोनझिलाचा मोठा गुण असा की ते विंडोजच्या आत चालत नाही. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करायचं, म्हणजे विंडोज पूर्ण झोपलेलं असतं आणि कुठलीही फाइल त्याने धरून ठेवलेली नसते. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ते पेनड्राइव्हवर उतरवता येतं. घरात पडलेला चार जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

पण विंडोज झोपलेलं असतं, हे अर्धसत्य आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय मुळातच चालू असते. शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, म्हणजे सकाळी लवकर उठता यावं. अशा अर्धवट झोपलेल्या डिस्कचा क्लोन घ्यायला सॉफ्टवेअर कां-कू करतं, आणि करू द्यावं. शिफ्टची कळ दाबून धरून शटडाउन केलं की ते पूर्ण बंद होतं. त्याआधी डिस्कची तब्येत क्रिस्टल-डिस्क-इन्फोवर पाहा. तिथे निळ्याऐवजी पिवळं दिसलं, खराब सेक्टरांचे आकडे चढलेले दिसले, तर क्लोनचा बेत बाजूला ठेवून कामाच्या फायली आधी वाचवा. आजारी डिस्कला तासभर पळवणं म्हणजे तिला ढकलण्यासारखं आहे.

अजून एक काम आधीच उरकायचं आहे आणि ते टाळणारे सगळ्यात जास्त रडतात. नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने विंडोज ११ चालू केलं की पुष्कळ मशीनवर हे कुलूप आपल्याला न विचारता लागलेलं असतं. त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असते, म्हणून रोज जाणवत नाही. डिस्क बदलली किंवा बायॉसमध्ये सिक्युअर बूटची खुंटी हलवली की ते कुलूप ४८ आकड्यांची किल्ली मागतं. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. आजच काढून कागदावर छापा. त्याच मशीनवर फाइल करून ठेवू नका. हसू नका, ठेवलेली पाहिली आहे.

आता प्रत्यक्ष क्लोन. आमच्या भागात एक अडचण आहे. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, म्हणजे गाळेवाल्याला घरच्या कॉम्प्युटरकडे बघायला वेळ गुरुवारीच. आणि महावितरणची देखभाल-दुरुस्तीही गुरुवारीच. काकांनी पहिला क्लोन सुरू केला आणि ४१ टक्क्यांवर लाइट गेली. मूळ डिस्कला काही झालं नाही, कारण क्लोन करताना तिच्यावर काहीही लिहिलं जात नाही, फक्त वाचलं जातं. पण नवी डिस्क अर्धवट लिहिलेली, म्हणजे निरुपयोगी. पुन्हा पहिल्यापासून. साधा ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं धरतो, अर्धा तास नाही. इन्व्हर्टर असेल तर गोष्ट वेगळी.

नवी डिस्क जोडा, क्लोनझिलाचा पेनड्राइव्ह लावा, मशीन चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, बाकीच्यांवर एफ-८ किंवा एफ-११. भाषा वगैरे विचारून झालं की ते दोन पर्याय देतं. एक डिस्क ते इमेज, दुसरा डिस्क ते डिस्क. दुसरा घ्या. मग नवशिक्यांची पद्धत निवडा आणि ‘या मशीनवरची डिस्क ते या मशीनवरची डिस्क’ हा पर्याय घ्या. आता ते विचारतं, मूळ कोणती?

इथे थांबा. हवं तर चहा करून आणा. या एका पानावर चूक झाली तर कोरी डिस्क तुमच्या भरलेल्या डिस्कवर उतरेल आणि सगळं साफ होईल. पानावर डिस्कची नावं एसडीए, एसडीबी, एनव्हीएमई अशी असतात. त्या नावांवर विसंबू नका. एसडीए आणि एसडीबी कोण, हे दर वेळी मशीन चालू होताना ठरतं आणि मागल्या वेळेपेक्षा उलटं असू शकतं. नावापुढे कंपनी, मॉडेल आणि आकार लिहिलेला असतो, तो वाचा. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या आणि एकाच मापाच्या असतील तर ते पान जुळ्या भावंडांसारखं दिसतं. म्हणून मघाशी वेगळ्या कंपनीची घ्या म्हणालो. मी मॉडेलचे शेवटचे चार आकडे आधीच कागदावर लिहून ठेवतो आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगतो. बायको म्हणते, एवढी काळजी तू सिलिंडर लावतानाही घेत नाहीस.

लक्ष्य डिस्क निवडली की क्लोनझिला तिच्यावरचं सगळं जाईल असं बजावतं आणि एकदा नव्हे, दोनदा होकार मागतं. होकार दिला की पट्टी सरकायला लागते. ते डिस्कवरची फक्त भरलेली जागा उतरवतं, रिकामी सोडून देतं, म्हणून वेळ वाचतो. झालं की मशीन पूर्ण बंद करा. रीस्टार्ट नको. आता जगात एकाच ओळखक्रमांकाच्या दोन डिस्क आहेत. दोन्ही जोडून विंडोज चालू केलं तर ते गोंधळतं. कधी एकीला बाजूला बसवतं, कधी आपण कुठल्या डिस्कवर काम करतोय तेच आपल्याला कळत नाही.

इथवर आलेले बहुतेक लोक डिस्कला रबरबँड लावून कपाटात ठेवतात. काकांनाही तेच करायचं होतं. मी विचारलं, ‘‘काका, नव्या सेटिंगवर पहिला पीस निघाला की तुम्ही लगेच दोनशे काढता का?’’ ते म्हणाले, ‘‘छे, फर्स्ट पीस मोजल्याशिवाय कसं चालेल?’’ मग उठले आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले.

क्लोनचा फर्स्ट पीस असा काढायचा. प्लग भिंतीतून काढा. कॅबिनेटची बाजूची पत्र्याची पाटी सोडवा. मूळ एसएसडीच्या दोन केबल काढा. रुंद ती विजेची, अरुंद ती डेटाची. त्याच केबल क्लोनला लावा. डिस्क स्क्रूने बसवायची गरज नाही, कॅबिनेटच्या तळाशी पुठ्ठ्यावर ठेवली तरी चालते. मूळ डिस्क टेबलावर. आता मशीन चालू करा. पहिल्यांदा मिनिटभर जास्त लागू शकतं. बिटलॉकरने किल्ली मागितली तर मघाचा छापलेला कागद आहेच. डेस्कटॉप दिसला म्हणजे झालं असं नाही. टॅली उघडा आणि कालचं बिल आहे का बघा. एक पान प्रिंट काढा. मराठीत दोन ओळी टाइप करा. कॅम उघडून एक प्रोग्राम पोस्ट करा. विंडोजचं लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, ते डिस्क बदलल्याने जात नाही. पण काही सॉफ्टवेअर डिस्कच्या क्रमांकाला चिकटलेली असतात आणि नव्या डिस्कवर लायसन्स मागतात. ते आज कळलेलं बरं, १० तारखेला नको. डोंगलवर चालणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. डीटीपीवाल्यांची जुनी श्री-लिपी त्यातली. डिस्कचा क्लोन होतो, डोंगलचा होत नाही. तो सांभाळायला दुसरं कपाट शोधा.

सगळं चाललं की मशीन बंद करा, क्लोन काढा, मूळ डिस्क परत लावा. क्लोनवर काम सुरू करण्याचा मोह होतो, कारण डिस्क नवी आणि जलद असते. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे केलंत तर खरी बिलं कोणत्या डिस्कवर हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि मार्करने तारीख लिहा.

चालू झालंच नाही तर? दोन कारणं नेहमीची. एक, घाईत अख्ख्या डिस्कऐवजी फक्त सी कप्प्याचा क्लोन घेतला, म्हणजे ईएफआय कप्पा मागेच राहिला. पुन्हा डिस्क ते डिस्क करा. दोन, मशीन खूप जुनं असेल तर बायॉसमधल्या बूटच्या यादीत नवी डिस्क खाली गेलेली असते. तिला वर आणा.

आता कोणी विचारेल, एवढं उघडझाप कशाला, यूएसबीवरूनच बूट करून पाहू. लिनक्स असेल तर खुशाल करा, ते यूएसबीवरून आनंदाने चालतं. विंडोजला ते आवडत नाही. यूएसबीवर चालणारं विंडोज टू गो नावाचं एक प्रकरण मायक्रोसॉफ्टने काढलं होतं, ते २०२० मध्ये बंद केलं. साध्या विंडोजचा क्लोन यूएसबीला लावून चालू केला तर पुष्कळदा निळा पडदा येतो, आणि त्यावरून क्लोन वाईट आहे असं ठरत नाही. त्याची जागा कॅबिनेटच्या आत आहे, चाचणीही तिथेच. मॅकवर एकेकाळी बूट होणारा क्लोन ही सगळ्यात सोपी गोष्ट होती. २०२० नंतरच्या मॅकमध्ये सिस्टिमचा भाग सहीशिक्क्याने बंद केलेला असतो, आणि एम-१ पासूनच्या मशीनला बाहेरच्या डिस्कवरून उठायलाही आतली साठवण जिवंत लागते. तिथे आता टाइम मशीनवर भागवावं.

क्लोन एकदा घेतला म्हणजे जन्माची सोय झाली नाही. तो त्या तारखेला गोठलेला आहे. त्यामुळे काकांची जुनी शिस्त, रोज रात्री टॅलीचा डेटा आणि ड्रॉइंगं पेनड्राइव्हवर आणि एक प्रत क्लाउडवर, ती तशीच चालू ठेवायची. डिस्क गेली की क्लोन लावायचा आणि त्यावर कालपर्यंतचा डेटा ओतायचा. अडीच दिवसांचं काम पाऊण तासावर येतं. क्लोन मी तीन महिन्यांनी नवा करतो. एखादं मोठं सॉफ्टवेअर टाकलं तर त्याच आठवड्यात. तीन महिन्यांचं दुसरं कारण असं की एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहायला बनलेली नसते, खास करून मोशीच्या मे महिन्यात वरच्या माळ्यावर. अधूनमधून तिला वीज दाखवावी.

आणि काम झालं की तिला मशीनपासून तोडा. कायम जोडून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरला तेव्हा तो हाताला लागेल ती फाइल कुलूपबंद करत गेला, जोडलेल्या डिस्कवरच्यासुद्धा. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक हिशेब जगभर वापरतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. शेवटचं कलम लोक विसरतात. क्लोन कॅबिनेटच्याच डोक्यावर ठेवलेला मी पाहिला आहे. आग लागली, चोर आला, वरच्या फ्लॅटची पाइप फुटली, तर दोन्ही एकदम.

मोशीच्या माणसाला हे परक्याने सांगायला नको. वरच्या अंगाला देहू आणि खालच्या अंगाला आळंदी, मधून इंद्रायणी वाहते. तुकोबांच्या वह्या याच नदीत बुडवल्या गेल्या. तेरा दिवसांनी त्या तरल्या ही वारकऱ्यांची श्रद्धा. त्याचबरोबर संताजी जगनाडे महाराजांचं नाव घेतलं जातं. चाकणचे, टाळकऱ्यांमधले, तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे आणि त्यांच्या हातच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वह्यांवर अभ्यासकांनी काम केलं आहे. त्या वह्या देहूत एकाच घरात राहिल्या नव्हत्या. काकांचा क्लोन आता भोसरीच्या गाळ्यात, टूल क्रिबच्या कुलपात असतो. घरच्या मशीनचा क्लोन गाळ्यात आणि गाळ्यातल्या मशीनचा घरी.

एवढं करायची ज्यांची तयारी नाही त्यांनी निदान लिनक्सचा एक बूट होणारा पेनड्राइव्ह करून ठेवावा. डिस्क मेली तरी त्यावरून मशीन चालू होतं, ब्राउझर उघडतो, ओटीपीवर रिटर्न भरता येतं. ती स्टेपनी नव्हे, पण टोचन लावून गाडी घरी तरी येते.

३१ मार्चला जगभर बॅकअप दिन पाळतात म्हणे. ज्याने तारीख निवडली त्याला आपलं आर्थिक वर्ष ठाऊक नसावं. आपण महिन्याच्या २० तारखेनंतरचा पहिला गुरुवार धरू, म्हणजे जीएसटीआर-३बी भरून झालेलं असतं. आणि लाइट जाणार असल्याचा महावितरणचा मेसेज आला असेल तर बुधवारी रात्री, जेवणं झाल्यावर बसा.